मीच मारलेली चावी

दार उघडलं. चावी फिरली. डॅशबोर्डवर चावीचं लाल चित्र लुकलुकलं आणि इंजिन गप्प.

"शुक्रवारी सकाळी याच चावीने शाळेत गेले," ज्युलिएट टीचर म्हणाल्या. "दुपारी बाहेर आले तर ही अशी. टो करून घरी आणली, बॅटरी बदलली. आता तुम्ही सांगा."

वसईच्या पश्चिमेला, एका वाडीत, टीचरच्या अंगणात मी त्यांच्या गाडीत बसलो होतो. तुळिंजला माझं गाड्यांच्या चाव्यांचं दुकान आहे. या विषयावर कुणी काही विचारलं की मी लगेच प्रोफेसर होतो. बायको म्हणते, याच्यापेक्षा याचं मशीन बरं, ते बंद करता येतं.

"टीचर, चावीत दोन गोष्टी असतात. एक हे पातं. ते दार उघडतं, स्विच फिरवतं. दुसरी म्हणजे या प्लास्टिकच्या डोक्यातली तांदळाच्या दाण्याएवढी चिप. तिला सेल लागत नाही, सेल फक्त रिमोटच्या बटणांसाठी. चावी लावली की स्विचभोवतीची रिंग चिपला विचारते, तू कोण? चिप नंबर सांगते. तो गाडीच्या कॉम्प्युटरच्या यादीत असेल तरच इंजिन चालू. या वॉचमनला इमोबिलायझर म्हणतात."

"हजेरीपट," टीचर म्हणाल्या. "पटावर नाव नाही तर वर्गात जागा नाही."

माझं अर्धं लेक्चर त्यांनी एका ओळीत संपवलं, ते मला फारसं आवडलं नाही.

"तुमची चिप गेली असणार. चावी पाण्यात पडली होती?"

"नाही."

"वॉशिंग मशीनमध्ये? आठवून बघा. बायका विसरतात."

टीचरनी चष्म्यावरून पाहिलं. त्या नजरेने पाचवीतली मुलं आपोआप बाकावर उभी राहत असतील. मी सीटवर ताठ बसलो आणि मुकाट्याने स्टीअरिंगखालच्या सॉकेटला मशीन जोडलं.

चिप ठणठणीत होती. फक्त यादीत तिचं नाव नव्हतं. यादीत एकच चावी होती, आणि ती टीचरची नव्हती.

"मग कुणाची?"

"कुणीतरी तुमची यादी पुसून नवी चावी घातली आहे. चावी हरवली की यादी पुसायचीच, म्हणजे ज्याला सापडली त्याला गाडी नेता येत नाही. पण आधी मालकाला समोर उभं करायचं. दुसरी चावी घरी आहे का विचारायचं. असेल तर तीही मागवून नव्या यादीत घालायची. हे न विचारता यादी पुसणारा माणूस गाढव असतो, टीचर. असल्या लोकांनी आमचा धंदा बदनाम केलाय."

एवढं बोलून मी केबल काढायला वाकलो. सीटखाली हाताला काहीतरी लागलं. पिवळ्या मुठीचा छोटा स्क्रूड्रायव्हर. मुठीवर तापल्या खिळ्याने कोरलेलं होतं, दळवी.

दळवी म्हणजे मी. हा स्क्रूड्रायव्हर मी दोन दिवस शोधत होतो. शेजारच्या मोबाइलवाल्यावर संशय घेऊन त्याच्याबरोबरचा चहासुद्धा बंद केला होता.

मग सगळं आठवलं. शुक्रवार, तुळिंज, शाळेबाहेर उभी पांढरी गाडी. वसई-विरारमध्ये पांढऱ्या गाड्या किती, विचारू नका. नंबर मी रजिस्टरमध्ये लिहितो, डोक्यात नाही. एक माणूस म्हणाला, बायकोची गाडी आहे, चावी हरवली. मोबाइलवर आरसी बुकाचा फोटो दाखवला. मी आधार कार्ड मागितलं, त्याचा फोटो काढून ठेवला. आडनाव तेच, पत्ता तोच. मी खूश. मूळ मी कणकवलीचा, पण वीस वर्षं इथे काढली आहेत. इथल्या वाड्यांमध्ये अख्ख्या वाडीचं आडनाव एक आणि पत्ताही एक, हे मला पाठ आहे. त्या दिवशी फक्त भूक लागली होती, म्हणून पुढे काही विचारलं नाही.

स्क्रूड्रायव्हर खिशात टाकून 'चिप खराब' म्हणायचा मोह झाला. खोटं कशाला बोलू. पण टीचर बघत होत्या.

"टीचर, तो गाढव मीच."

मी मोबाइलमधला आधारचा फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल हातात घेतला.

"सायमन. माझा दीर. माझा नवरा विल्सन गेल्यापासून म्हणतो, गाडी भावाची म्हणजे घराण्याची. गाडी माझ्या नावावर आहे, माझ्या पगारातून घेतलेली." मग आवाज उतरला. "उद्या मी दोन दिवस माहेरी आगाशीला चालले होते. त्यालाच घराकडे लक्ष ठेवायला सांगितलंय."

परत आल्या असत्या तेव्हा अंगण रिकामं असतं.

तेवढ्यात शेजारच्या घरातून सायमन स्वतःच आला. "काय वैनी, नाय होत ना चालू? जुनी झाली आता, काढून टाक. माझ्याकडे गिऱ्हाईक हाय." मग त्याने मला पाहिलं. "तू इथे काय करतोस?"

"तुझी चावी पुसतोय."

"गाडीला हात नाय लावायचा. घरातला मामला हाय."

"टीचर," मी म्हणालो, "आरसी बुक आणा. ओरिजिनल. आधार पण. आणि कपाटात दुसरी चावी असेल तर ती."

टीचर आत गेल्या. सायमन खिडकीशी आला, आवाज खाली आणून म्हणाला, "बनवून कोणी दिली? तू. पोलिसात गेलं तर पयला तू आत. दुकानाला कुलूप."

त्याचं बरोबर होतं. पण मी जन्मापासून हट्टी. शाळेत मास्तरांनी 'बस' म्हटलं की मी उभा राहायचो आणि मार खायचो. तोच हट्ट आत्ता उपयोगी पडला.

"चल," मी म्हणालो. "आत्ताच जाऊ. रजिस्टरात तुझ्या हाताने 'बायकोची गाडी' लिहिलंय, खाली तुझी सही. साहेबांना मी माझी चूक दाखवतो. तू तुझी बायको दाखव."

"मी पण येते," दारातून टीचर म्हणाल्या. हातात आरसी बुक, आधार आणि दुसरी चावी होती. "सायमन, बाइक काढ."

त्याने बाइक काढली नाही.

मी आरसीवरचं नाव मोठ्याने वाचलं. आधारवरचं वाचलं. टीचरच्या तोंडाकडे नीट बघितलं, फोटोशी जुळवलं. शुक्रवारी जे करायला हवं होतं ते सगळं रविवारी केलं. यादी उघडण्याआधी ही गाडी दहा मिनिटं थांबायला लावते, चोराला घाई असते म्हणून. ती दहा मिनिटं आम्ही तिघं अंगणात मशीनच्या पडद्याकडे बघत उभे होतो.

यादी पुसली. टीचरच्या दोन्ही चाव्या घातल्या. इंजिन सुरू झालं.

मग टीचरनी सायमनसमोर हात पसरला, वर्गात मुलाकडून भोवरा काढून घेतात तसा. "दे. इंजिन नाही चालणार, पण दार अजून उघडेल तिने."

त्याने खिशातून चावी काढून दिली आणि मागे न बघता गेला.

त्याच आठवड्यात टीचर दारांची कुलूपं बदलायला दुकानात आल्या. मी मजुरी घेतली नाही. त्यांनी काउंटरमागची नवी पाटी वाचली: 'मालक समोर हवा. ओरिजिनल आरसी हवी. दुसरी चावी आहे का?' एक काना चुकला होता, तो त्यांनी पेनने दुरुस्त केला.

परवा एक पांढरा सदरा आला. म्हणाला, साहेबांची गाडी आहे, तुला माहीत आहे ना कोणाची. मी म्हटलं, माहीत आहे, म्हणून तर त्यांनाच पाठवा. तो अजून धमक्या देतोय.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. शुक्रवारी सगळं चुकलं, पण यादी मी पुसली होती, ते तेवढं बरोबर होतं. नुसती नवी चावी जोडली असती तर टीचरची चावी चालू राहिली असती आणि त्यांना काही कळलंच नसतं. माझ्या हातून ती चावी मेली म्हणून गाडी वाचली. मोबाइलवाल्याला हे सगळं सांगितलं. चहा पुन्हा सुरू झालाय, पण चहाआधी तो आता माझे स्क्रूड्रायव्हर मोजून घेतो.