नालबंदाच्या पेटीतली हातोडी

रेवणसिद्धप्पा भालकीच्या साखर कारखान्यात फिटर होते, मी तिथेच ऑफिसात. बायको वारली, एकुलता मुलगा बेंगळुरूला गेला, आणि त्यांनी जुन्या पलटणींच्या हत्यारपेट्या जमवायला सुरुवात केली. बीदरच्या भंगारवाल्यांकडून दहा वर्षांत चार मिळाल्या. त्यांतली नालबंदाची त्यांची लाडकी. सागवानी, पितळी कोपऱ्यांची, झाकणावर १८७१ कोरलेलं. आत प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच आणि प्रत्येक हत्यारावर १४ हा आकडा ठोकलेला. हातोडीची खाच तेवढी रिकामी होती.

ती हातोडी त्यांना १९९९ साली मन्नाएखेळ्ळी गावात सत्यभामाबाईंच्या घरी सापडली. बाईंचा नवरा लोहार. बैलांना नाल मारायचा. ट्रॅक्टर आले, पुढे तोही गेला, आणि हातोडी भिंतीतल्या देवळीत राहिली. रेवणसिद्धप्पांनी ती उलटी करून आकडा दाखवला.

"अक्का, ही माझ्या पेटीतली हाय. १४ नंबर बघा."

"नंबर काय, बसगाडीला बी असतो. म्हणून गाडी तुमची व्हय? माझ्या धन्याच्या हातातली हाय, देणार न्हाई."

शेवटी खंडेनवमीवर तोड निघाली. त्या दिवशी हत्याराला काम नसतं, पूजा असते. पेटी मन्नाएखेळ्ळीला न्यायची, हातोडी दिवसभर आपल्या खाचेत राहील, संध्याकाळी परत देवळीत.

पेटीला दोन्ही बाजूंना कड्या. पलटणीत ती दोघांनी उचलायची, एकट्याला जमतच नाही. दरवर्षी दुसरी कडी धरून मी बसस्टँडपर्यंत जायचो. कंडक्टर विचारायचा, "काय अण्णा, रुखवत न्यायलाव का?" तिकडे उतरल्यावर दुसरी कडी धरायला सत्यभामाबाई स्वतः थांब्यावर उभ्या असत. संध्याकाळी ते परतायचे तेव्हा पेटीवर पुरणपोळ्यांचं फडकं बांधलेलं असे. वर्षातून तेवढा एक दिवस त्यांची कोणी वाट बघायचं.

दहाव्या नवमीला सत्यभामाबाईंनी संध्याकाळी हातोडी काढलीच नाही.

"माझा पोरगा वीरण्णा मला हैदराबादला न्यायलाय. ठेवा आता तुमच्यापाशी."

"न्हाई अक्का. ती हितंच बरी हाय."

"हितं कोण हाय? घराला कुलूप लागतंय. इतकी वर्षं मागायलाव, आता देते तर नको म्हणायलाव. कामून?"

सत्यभामाबाईंनीच झाकण लावलं आणि थांब्यापर्यंत कडी धरली. हे सगळं रेवणसिद्धप्पांनी मला बसस्टँडवरून घरी येताना सांगितलं, पेटी दोघांच्या मध्ये धरून, माझ्याकडे न बघता.

पुढच्या नवमीला मी सवयीने सकाळीच त्यांच्या घरी गेलो. पेटी खोलीच्या मधोमध उघडी, सगळ्या खाचा भरलेल्या, हत्यारांना हळदकुंकू लावलेलं. चप्पल न काढताच मी म्हणालो, "निघायचं ना?"

"कुठं? सगळं हितंच हाय की."

मी ओशाळलो. चहा झाला, नारळ फुटला. दुपार सरली तरी त्यांनी मला उठू दिलं नाही. ऊन उतरल्यावर त्यांनी हातोडी खाचेतून काढली, फडक्याने पुसली आणि आपल्या देवळीत नेऊन ठेवली.

"आता राहू द्या की पेटीत," मी म्हणालो.

"संध्याकाळी परत ठेवायची असती," ते म्हणाले. "अक्काचा नेम हाय."