मातीतली मुळं वेचणाऱ्या मावशी

मावशींचं काम ऐकून माणूस आधी हसायचा. माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत खिडकीशी बसायचं, पांढऱ्या ताटलीत चाळलेली माती पसरायची आणि चिमट्याने तिच्यातली केसाएवढी मुळं वेचायची. बस्स. ऐन तरुणपणापासून हेच. सून चारचौघांत सांगायची, "आमच्या सासूबाई पगार घेऊन मातीच्या उवा काढतात."

पण मूळ राहिलं की घोटाळा. मोजायचा असतो मातीतला कार्बन, आणि मूळ म्हणजेही कार्बनच. एखादं राहून भट्टीत जळलं की आकडा उगाच फुगतो आणि कोरड्या माळाची माती कागदावर बागायती होऊन बसते. म्हणून मावशी डोळ्यांत तेल घालून बसायच्या.

माती दर वर्षी एकाच माळावरून यायची. अलीकडे मात्र चिमट्याला मुळंच लागेनात. पूर्वी एका ताटलीतून निघालेला पुंजका चिमणीने घरट्याला न्यावा एवढा असायचा. आता चार-दोन तंतू. मावशींनी मनाशी ठरवून टाकलं, डोळे गेले. घरी सुईत दोरा एका दमात ओवला जायचा, तरी त्यांची खात्री पटेना. सुईचं काय, ती रोजच्या ओळखीची!

भट्टी सांभाळणारा तोंडाळ. ताटली न्यायला आला की म्हणायचा, "मावशी, एवढंच? बाकीची डब्यात घालून घरी नेता की काय?"

"मातीतच नाहीत रे."

"हां, नाचता येईना..."

"गप मेल्या! तुलाच घालीन भट्टीत."

हसायच्या, पण तो वळला की खुर्चीचा हात चाचपायच्या. ती खुर्ची गेली तर आपण कोण? दुपारभर भिंतीकडे बघत बसणारी म्हातारी. आणि खुर्ची धरून बसावं, तर आपल्यापायी आकडे खोटे.

शेवटी एका सकाळी त्या आपणहून प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमसमोर उभ्या राहिल्या. मॅडम वयाने लेकीएवढ्या, पण कामात कडक.

"मला आता सोडा मॅडम. दिसत नाही. मुळं सुटतात हातून."

मॅडम उठल्या आणि कोठीतून एक धुळकट बरणी घेऊन आल्या. दर वर्षी थोडी माती न वेचता तशीच ठेवून द्यायची तिथली पद्धत होती. ही त्याच माळाची, त्याच जागची, मावशी नव्याने लागल्या तेव्हाची. काही न सांगता त्यांनी ती ताटलीत ओतली. "वेचा."

चिमटा जो चालू लागला तो थांबेना. जेवणाची वेळ टळली. पुंजका फुगत गेला. भट्टीवाला आ वासून बघत राहिला.

मग मॅडमनी मावशींनी काल वेचलेली यंदाची माती सूक्ष्मदर्शकाखाली धरली, कोपरान् कोपरा पाहिला. "एकही सुटलेलं नाही. डोळे ठणठणीत आहेत तुमचे."

"म्हणजे नाचता येत होतं की," भट्टीवाला पुटपुटला. "अंगणच वाकडं."

मावशी खुदकन हसल्या. हसू अर्ध्यावरच राहिलं. "मग मुळं गेली कुठं?"

"गवतच धरत नाही तिथं," मॅडम म्हणाल्या. "ऊन वाढलं. पाऊस येतो तो एकदम धो धो, मग महिनोन् महिने गायब. मुळं कुजून मातीत कार्बन साठायचा, तो बंद झाला. जुना साठा आहे तो, जरा ओल मिळाली की मातीतले जीव खाऊन टाकतात आणि हवेत सोडतात. घरात मिळकत बंद आणि खाणारी तोंडं तेवढीच, असं झालंय."

मावशींनी चिमटा खाली ठेवला. "डोळे गेले असते तर बरं होतं," त्या म्हणाल्या. "चष्म्यावर भागलं असतं."

मॅडमनी रिकामी बरणी पुसून कोठीत ठेवली.

नोकरी राहिली, खुर्ची राहिली. मावशी तिच्यात टेकल्या, मान चोळली, पुढची ताटली ओढली. या कडेपासून त्या कडेपर्यंत शोधलं. मग उलट्या बाजूने पुन्हा शोधलं. आता दोष द्यायला डोळेही उरले नव्हते.

"झालं का मावशी?" भट्टीवाल्याने हळूच विचारलं.

"थांब जरा. बघू दे अजून."