हिरवी पट्टी

दवाखान्यात औषधं कायम कमी पडायची, किस्से मात्र कधीच नाही! आम्ही चार जुन्या नर्सेस भेटलो की एकीचा किस्सा संपायच्या आत दुसरीला तिचा आठवतो. माझे बरेचसे पर्वता नावाच्या एका पेशंटच्या डाव्या पायाभोवतीच गोळा झालेत.

पर्वता हिंगणघाटला कापसातली सरकी काढायच्या जिनात कामाला होती. कापसाच्या ढिगाला आग लागली आणि तिची पोटरी भाजली. आमच्या छोट्या दवाखान्यात दाखल होऊन आठवडा होतो न होतो तोच तिची पट्टी हिरवीगार निघायला लागली. तिचा नवरा महादेव एक दिवस भडकलाच.

"सिस्टर, पट्टीले रंग काऊन देऊन राह्यल्या?"

मी म्हटलं, "आम्ही नाही हो, जखमेतले जंतू देताहेत."

"मंग त्याईले म्हना, पांढरा द्या!"

*

तेव्हा पेनिसिलिनवर सगळ्यांचा देवासारखा भरवसा. आमच्या डॉक्टरीणबाईंनी ते दिलं, मग स्ट्रेप्टोमायसिन दिलं. हिरवा रंग ढिम्म! बाई वैतागून म्हणाल्या, "हा जंतू पेनिसिलिन चहासारखं पितोय, आणि वर बिस्कीट मागतोय!"

महिन्यातून एकदा नागपूरहून सर्जनसाहेब यायचे. त्यांनी जखम पाहिली आणि सांगून टाकलं, "विष अंगात भिनायच्या आत पाय काढावा लागेल. पुढच्या फेरीत."

पर्वतानं मला हळूच विचारलं, "एका पायाच्या बाईले जिनात घेतेत का वो?"

बाईंनी ते मागून ऐकलं. त्या म्हणाल्या, "ते विचारायची वेळ मी येऊ देणार नाही."

*

बाईंना शिकतानाचा एक जुना उपाय आठवला. सिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, पाणी घालून त्याच्या पट्ट्या ठेवायच्या. चौकातल्या खानावळीत कांदे सिरक्यात मुरवायचे, म्हणून मी बाटली घेऊन तिथे गेले. कोरा सिरका हवा म्हटल्यावर मालक म्हणाला, "कांदे नाई लागत? मंग खाता कशासंगं?"

पहिली पट्टी ठेवली आणि पर्वता किंचाळली, "बाई, माह्या पायाचं लोनचं घालून राह्यल्या का?"

"हो," बाई म्हणाल्या. "लोणचं टिकतं!"

*

पर्वताची पट्टी जरा फिकी पडली, तर शेजारच्या खाटेवरची हिरवी! बाईंनी आमचे हात सोडून सगळं उकळायला लावलं. तरी हिरवी ती हिरवीच. शेवटी त्यांची नजर जखम धुवायच्या लोशनच्या बाटलीवर गेली. त्यांनी तिचं बूच काढलं आणि उकळून गार केलेल्या मटणाच्या आळणी रश्शात टाकून झाकून ठेवलं.

दोन दिवसांनी रस्सा हिरवट! जंतू मारायच्या औषधाच्या बुचातच जंतू मजेत नांदत होते. बाईंनी त्याच मिनिटाला दवाखान्यातली सगळी बुचं चुलीत घातली. तेवढ्यात आमचा आचारी नत्थू पातेल्यात डोकावला.

"बाई, हा रस्सा फेकाचा का वाढाचा?"

*

पावसाळ्यात वेणा नदीला पूर आला आणि साहेबांची फेरी लांबली. आम्हाला तेच हवं होतं. रोज सकाळी उकळलेल्या बाटलीत ताजं लोशन, नंतर सिरक्याची पट्टी, एकही दिवस चुकवला नाही. पर्वता दात आवळून बसायची, पण "राहू द्या" एकदाही म्हणाली नाही.

मग एका सकाळी पट्टी पांढरी निघाली. मी ती महादेवला दाखवली आणि आम्ही दोघंही रडलो. बाई ओरडल्या, "रडताय काय? उद्याची पट्टी उकळायला टाका!"

पूर ओसरला, जखम भरत आली, आणि साहेब उगवले. आल्या आल्या त्यांनी करवत काढून टेबलावर ठेवली.

"पेशंट आणा. कोणता पाय होता?"

पर्वता खाटेवरून उतरली. लुगडं घोट्यापर्यंत खाली ओढलं, मी पुढे केलेला हात बाजूला सारला आणि चालत टेबलापर्यंत आली. साहेबांपुढे दोन्ही पाय जुळवून ताठ उभी राहिली.

"तुमीच वळखा, साहेब!"