बुडातली मूठ

"वरचा माल सारेच चांगला ठेवतेत," असं म्हणत तो कापसाच्या गाडीत कोपरापर्यंत हात खुपसायचा. बुडातून मूठ काढायची, बोटांनी धागा ताणायचा, ओल हुंगायची. अशा तीन मुठी, तीन जागच्या. एका मुठीवर माल ठरत नाही, हा त्याचा नियम. पांढरकवड्याच्या खरेदी केंद्रावर तो मालाची प्रत ठरवणारा ग्रेडर होता आणि मी काट्यावर बाबू. भाव पडलेले, बोंडं अळीनं पोखरलेली, रांगेतले लोक चिडलेले. तरी त्याच्याशी कुणी फारसं भांडत नसे. सरपंचाची गाडी असली तरी त्याचा हात बुडापर्यंत जायचाच.

चहा आला की पहिला घोट तो जमिनीवर ओतायचा. नवख्या माणसाला वाटायचं, माशी पडली असेल. ती माशी नव्हती, देव होते. मोबाइलवर कधीतरी त्याला युरोपातली काही मंडळी सापडली होती. आपल्या पूर्वजांचे विसरलेले देव ती आता पुन्हा मानू लागली होती. ते लोक म्हणे देवाला मधाची दारू ओततात. ह्याला परवडणारा चहाच. तिकडे बर्फात बसलेली कुणी बाई विचारायची, तुमच्याकडे पाऊस कसा आहे? मोडक्या इंग्रजीत तिला उत्तर लिहिताना त्याचा चेहरा पाहण्यासारखा असायचा.

त्या लोकांची जुनी अक्षरं म्हणजे रून. प्रत्येकाला अर्थ असतो: गारपीट, गरज, गुरं, सुगी. फळझाडाच्या लाकडावर ती कोरायची असतात. ह्यानं आपली पऱ्हाटी घेतली, म्हणजे वाळलेली कपाशी, आणि तिच्या बुडख्याच्या चकत्यांवर कोरली. "बोंड येते ना तिले? मंग फळझाडच झालं." मनात प्रश्न धरून पिशवीत हात घालायचा आणि एकच चकती काढायची. पुन्हा विचारायचं नाही. दसऱ्याला त्याच्या बायकोनं त्या पिशवीलाही हळदकुंकू लावलं. कुणाचे का असेनात, घरात आलेले देव तसेच कसे ठेवायचे, असं तिचं म्हणणं.

मी त्याची टर उडवायचो. कळंबचा चिंतामणी इतका जवळ असताना हे परदेशी देव कशाला? एकदा तो गंभीरपणे म्हणाला, "आपले देव म्हणतेत, सारं ठीक होईन. त्यायचे देव सांगूनच ठेवतेत का शेवटी आमीबी हारनार हाओत. मले ते खरं वाटते, बाबू."

त्यांचा थोरला देव ओडिन. शहाणपणासाठी त्यानं आपला एक डोळा काढून दिला. अक्षरांसाठी स्वतःला झाडाला टांगून घेतलं. ही गोष्ट तो सांगू लागला की मी विषय बदलायचो. आमच्या जिल्ह्यात झाडाला टांगलेल्या माणसाची गोष्ट कुणाला ऐकवत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली. त्याचा लहान भाऊ घरचं वावर करायचा. फवारताना औषध त्याच्या तोंडावर, डोळ्यांत, छातीत गेलं. दवाखान्यात नेलं तेव्हा त्याला समोरची बायकोही दिसत नव्हती. श्वास लागला होता. मी संध्याकाळी पोचलो, तर ग्रेडर बाकावर पिशवी मांडीत घेऊन बसलेला.

त्यानं हात घातला. गारपीट निघाली. चकती परत टाकून त्यानं पिशवी हलवली. मी म्हणालो, पुन्हा विचारायचं नसतं ना? त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"एका मुठीवर माल ठरत नाही," तो म्हणाला.

दुसऱ्यांदा गरज आली. मग हात पार बुडाशी नेऊन त्यानं तिसरी काढली. सुगी. ती चकती त्यानं भावाच्या बायकोला दाखवली. "वाचते तो," म्हणाला. ती बिचारी तेवढ्यावर उठली आणि दोन घास जेवली.

सकाळी भाऊ गेला.

दवाखान्याच्या दारात प्रेत बाहेर यायची वाट बघत आम्ही उभे होतो. मला वाटलं, तो रडेल. तो हळू आवाजात बोलला. "त्या देवाले एक डोळा देऊन अक्कल भेटली, बाबू. याचे दोन्ही गेले. याले काय भेटलं?" खरं सांगतो, ज्याच्याकडे याचं उत्तर असेल त्याचं तोंड मला पाहायचं नाही.

तेरवी झाल्यावर तो केंद्रावर आला. चहा पूर्ण प्यायला. गाडीजवळ गेला, वरचा चिमूटभर कापूस उचलला आणि पास म्हणाला. पुढच्या गाडीलाही तसंच. मी बाजूला घेऊन विचारलं, बुडातलं नाही पाहायचं का?

"पहिल्याच मुठीत सांगलं होतं पिशवीनं," तो म्हणाला. "मीच बुडात गेलो. भावाच्या बायकोले जेवाले लावलं."

ओला माल पास झाल्याच्या तक्रारी वर गेल्या आणि हंगाम संपायच्या आत त्याला काढलं. गावी जाऊन भावाचं वावर करतो म्हणाला होता. वावर पडीक आहे, असं तिकडून येणारे सांगतात. तो कुठे आहे, ते कुणीच सांगत नाही.

आता नवा ग्रेडर आहे. तो वरचंच उचलतो. गाड्या लवकर खाली होतात, रांगेतले लोक खूश आहेत.