एक आठवडा कमी

माझा नवरा एका प्रोग्रॅमिंग भाषेचा राखणदार आहे. म्हणजे देशोदेशीचे लोक जिच्यात प्रोग्रॅम लिहितात, त्या भाषेची नवी आवृत्ती कधी सोडायची आणि तिच्यात काय बदलायचं, हे तो आणि त्याचे दोन-चार सहकारी ठरवतात. हे काम मानाचं आहे, असं तो म्हणतो. मान मी अजून पाहिलेला नाही. शिव्या मात्र रोज येतात. त्या तो जेवताना फोनवर वाचतो आणि नावं भाजीला ठेवतो.

या भाषेत एक चूक आहे. दोन तारखांमध्ये किती आठवडे गेले असं विचारलं आणि मध्ये वर्ष पालटलं असेल, तर उत्तर एकाने कमी येतं. आमच्या लग्नाआधीपासूनची ही चूक. ती काढायचं दर आवृत्तीला ठरतं आणि दर आवृत्तीला राहून जातं. या खेपेला मात्र तो हट्टाला पेटला होता, कारण यानंतर जबाबदारी दुसऱ्याकडे जाणार होती. "एवढी घाण काढूनच जातो," म्हणाला.

त्यात एका रुग्णालयातल्या नर्सबाईंचा निरोप आला. ठरावीक आठवड्यांनी इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णांच्या पुढच्या तारखा काढायला बाईंनी स्वतः शिकून, हौसेने एक छोटा प्रोग्रॅम केला होता. वर्ष पालटलं आणि सगळ्यांना आठवडाभर उशिराच्या तारखा गेल्या. एक म्हातारे गृहस्थ त्या आठवड्यात चांगलेच आजारी पडले. बाईंनी भांडण केलं नव्हतं. माझं काय चुकलं, एवढंच विचारलं होतं. ते वाचून त्याने ताट बाजूला सारलं.

दुरुस्ती दुपारभरात झाली. पण त्यांची एक रीत आहे. आवृत्ती सोडण्याआधी, लोकांनी सगळ्यांसाठी उघडे ठेवलेले प्रोग्रॅम तिच्यावर चालवून बघायचे, काय काय मोडतं ते पाहायचं. मी चहा घेऊन गेले तर पडद्यावर वरपासून खालपर्यंत लालच लाल. तो एकेक मोडलेला प्रोग्रॅम उघडत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. त्या सगळ्यांनी चूक आधीच ओळखून तोड काढली होती: वर्ष पालटलं की उत्तरात एक मिळवायचा. आता भाषा बरोबर मोजायला लागली तरी ते एक मिळवणारच, आणि त्यांच्या तारखा आठवडाभर अलीकडे येणार. गंमत म्हणजे बहुतेक ठिकाणी त्या ओळीच्या वर एकच वाक्य होतं. दुरुस्ती लवकरच होईल, तोवर एक मिळवा.

"हे कुणी लिहिलंय?" मी विचारलं.

"मी."

कधीकाळी कुणीतरी अडलं होतं, ह्याने चांगल्या मनाने उत्तर दिलं होतं, आणि जगाने ते जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं.

मी दातांची डॉक्टर. मला असल्या भानगडींचा कंटाळा येतो. "किडलेला दात मी काढते," मी म्हणाले. "शेजारचे हलतील म्हणून ठेवून देत नाही."

"इथे शेजारचे त्याच दातावर टेकून उभे आहेत," तो म्हणाला.

मग सहकाऱ्यांची बैठक झाली, संगणकावरच. त्यातल्या एकाला मी 'थांबा' म्हणते, कारण दर बैठकीत त्याचा पहिला शब्द तोच असतो. मोडलेल्यांत औषधांची दुकानं आहेत, दवाखाने आहेत, असं तो सांगत होता. त्यांची इंजेक्शनं आज वेळेवर जातात. उद्या ती लवकर जातील, आणि त्यांना पत्ताही लागणार नाही, कारण त्यांनी काहीच बदललेलं नसेल. नवऱ्याचा आवाज चढला. आधी सूचना देऊ म्हणाला. सूचना गेली काही वर्षं पडद्यावर दाखवतोच आहोत, लोकांनी ती बंद करून ठेवली आहे, असं उत्तर आलं. बरोबर मोजणारी वेगळी सोय नव्या नावाने देऊ, म्हणाला. सगळ्यांना पटलं, पण आवृत्ती इतकी जवळ आली की नवं काही घालायचं नाही असा नियम, आणि तो नियम ह्यानेच केलेला. सोय पुढच्या आवृत्तीत येईल. शेवटी थांबा म्हणाला, आवृत्ती तुझी आहे, तूच ठरव. तेच सगळ्यात वाईट झालं. कुणी अडवलं असतं तर निदान त्याच्या नावाने बोटं तरी मोडता आली असती.

केलेली दुरुस्ती त्याने स्वतःच्या हाताने काढून टाकली. मला राग आला आणि मी तो दाबून ठेवला नाही. ज्यांनी चुकीला चूक जोडली त्यांचं सगळं सांभाळायचं, आणि जी बाई सरळ वागली तिनेच भोगायचं, हा कुठला न्याय? तो बराच वेळ बाईंना लिहीत होता, खोडत होता, पुन्हा लिहीत होता. चूक तुमची नाही, आमची आहे; ती आम्हाला आत्ता काढता येत नाही; आणि सध्या काय करायचं, तेही लिहावंच लागलं त्याला.

दुसऱ्या दिवशी आमची जेवणं चालू असताना बाईंचं उत्तर आलं. मोठ्या माणसाने वेळ काढून समजावलं म्हणून त्यांना भरून आलं होतं. त्यांनी लगेच एक मिळवला होता, तारखा आता अगदी बरोबर येत होत्या, आणि दुसऱ्या रुग्णालयांतल्या मैत्रिणींनाही त्यांनी तसंच करायला सांगितलं होतं.

मी वाचून फोन त्याला परत दिला. तो हात धुवायला उठला.

"चांगली बाई आहे," तो म्हणाला. "आता पुढच्याने दुरुस्ती करायला घेतली, की मोडणाऱ्यांत तीही असेल."