पापणी धरणारी

बेळगावच्या इस्पितळात डोळ्यांची शस्त्रक्रिया शिकायला आम्ही चौघं होतो. तीन पुरुष आणि मी, शहापूरच्या विणकराची लेक. खाटकाकडून बकऱ्याचे डोळे यायचे. करवंटीत ओल्या कापसावर ते बसवून आधी त्यांवर हात बसवायचा, अशी रीत. माझी करवंटी मोठे डॉक्टर नेमानं उचलून दुसऱ्याला द्यायचे. "बाईच्या हातात लाटणं बरं. तू पापणी धर," म्हणायचे. बाकीचे तिघं हसायचे.

मी पापण्या धरल्या. निपाणीच्या तंबाखू वखारीतले रोगी यायचे, कायम खोकणारे. डोळा चिरलेला असताना उबळ आली की आतलं सगळं बाहेर, डोळा गेलाच. उबळ येण्याआधी पापणी बोटाखाली थरथरते, हे तिथं कळलं. चाकू मी पुढं परगावी शिकले. पण तो राग मी विझू दिला नाही.

काही वर्षांनी मी निपाणीत शिकवू लागले आणि त्या मोठ्या डॉक्टरांचाच मुलगा माझ्या हाताखाली आला. देव कधी कधी आपल्या बाजूनं असतो. मी त्याला करवंटी दिलीच नाही, पापणी दिली. पोरगं गुणी निघालं, याची मला चीडच यायची.

मग मोठ्या डॉक्टरांना मोतीबिंदू झाला. मुलानं त्यांना माझ्याकडंच आणलं. टेबलावर पडल्या पडल्या ते म्हणाले, "चाकू पोराला दे. बाईच्या हाताचा मला भरवसा न्हाय."

"त्यानं अजून चाकू धरलेला न्हाय, साहेब," मी म्हटलं. "तुमच्याच पद्धतीनं शिकवलंय."

मला फार बरं वाटलं.

तपकीर बंद करा म्हणून बजावलं होतं, पण ऐकतील ते कसले. चीर निम्मी झाली आणि मुलगा म्हणाला, "बाई, थांबा." मी चाकू काढला, डोळ्यावर दाब पडू नये म्हणून त्यानं पापणी अलगद वर उचलली, आणि साहेबांना दणकून शिंक आली. डोळा वाचला. माझाही जीव भांड्यात पडला. आंधळ्यावर कसला सूड उगवायचा? मी त्यांना दिसायलाच हवी होते.

पट्टी सोडली तेव्हा समोर मीच उभी राहिले. त्यांनी अंधुक बघत विचारलं, "कोन हाय?"

"पापणी धरणारी."

त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मी फिरवू दिलं. दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदूही पिकत आला होता.