धुतलेला पाय

त्या पायाची जखम पुढे पूर्ण भरून आली, हे आरंभीच सांगून ठेवतो. कारण ही हकीकत मी ज्यांना ज्यांना सांगितली, त्या प्रत्येकाने शेवटी मला तोच प्रश्न विचारला आहे. पाय बरा झाला ना? झाला. मग तक्रार कशाची? त्या तक्रारीसाठीच हे लिहीत आहे. स्वभावाने मी शांत आहे. आयुष्य पूजेत आणि पाठांतरात गेल्यामुळे रागाला माझ्याकडे फारसे काम पडले नाही. परंतु हा एक राग मी इतकी वर्षे जपला आहे, आणि तो टाकून द्यावा असे अजूनही वाटत नाही.

आमचे घर प्रकाशा गावचे. तापीकाठच्या देवळात पूजेचा मान आमच्याकडे असे. काव्य-व्याकरणाचे अध्ययन पुरे करून मी घरी परतलो, त्या सुमारास तालुक्याच्या गावी असलेल्या मिशनच्या बंगल्यातून बोलावणे आले. समुद्रापलीकडच्या एका थंड देशातून नुकताच आलेला एक तरुण पाद्री होता. त्याला मराठी शिकवायचे होते. वडिलांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "विद्या मागायला आलेल्याला नाही म्हणू नये. पाणी मात्र आपले घेऊन जा."

त्याप्रमाणे माझी तांब्याची घागर बंगल्याच्या ओसरीच्या कोपऱ्यात राहू लागली. त्या तरुणाने पहिल्याच दिवशी विचारले, "पंडितजी, याला मी हात लावू नये ना?" मी होय म्हटले. त्यानंतर तो त्या कोपऱ्यातून जाताना अंग चोरून जाई. एकदा वाऱ्याने घागरीवरचे फडके उडून अंगणात पडले, तेव्हा त्याने ते उचलले नाही. आत येऊन मला हाक मारली. त्याचा हा विवेक पाहून मला त्याच्याविषयी खरोखर आदर वाटला. शिष्य म्हणूनही तो उत्तम होता. उच्चारासाठी एकेक शब्द घोळून घोळून म्हणे. शिवाय स्वतःचा नेमही पाळी. त्यांच्या प्रभूच्या पुनरुत्थानाचा सण येईपर्यंत त्याने कॉफी वर्ज्य केली होती, आणि त्याच्या देशातल्या माणसाला कॉफी सोडणे म्हणजे काय, हे त्याच्या सकाळच्या चेहऱ्यावर मला रोज दिसत असे.

फाल्गुनात त्याच्या वरिष्ठांनी त्याला सातपुड्यातील एका पाड्यावर आठवडाभर जायला सांगितले. आजाऱ्यांना औषध द्यावे, मुलांना अक्षरे शिकवावीत आणि प्रभूची कथा सांगावी, असे काम होते. पाडा काठी गावाच्या वाटेवर होता. तिथली माणसे घरात आपली भाषा बोलत. बाजारहाटामुळे अहिराणी मात्र त्यांना येई. त्या तरुणाला सगळे साहेब म्हणत; साहेबांची मराठी अजून पुस्तकातच होती, म्हणून दुभाष्या म्हणून मी निघालो. गाडी आमच्याकडच्या एका बागाईतदार शेतकऱ्याची होती. साहेबांच्या औषधाने त्याच्या आईचे डोळे निवळले होते, म्हणून तो स्वतःच गाडी हाकायला आला. आम्ही त्याला पाटील म्हणत असू.

घाटाच्या पायथ्याशी त्याने मागे वळून मला विचारले, "महाराज, हाऊ साहेब चहा पेत नही, कॉफी पेत नही. मंग गोरा कसा ऱ्हास?"

साहेबांना एवढे कळले. ते हसून म्हणाले, "दूध पितो, पाटील!"

"मंग बरोबर शे," पाटील म्हणाला आणि बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या.

आठवड्याचे पहिले दिवस चांगले गेले. मोहाच्या झाडाखाली तंबू होता. सकाळी बायका मोहफुले वेचून जात. मग तिथेच मुले बसत. साहेब धुळीत बोटाने अक्षर काढीत, मुले काडीने गिरवीत. दुपारी औषधाची पेटी उघडे. पू, खरूज, किडे पडलेले व्रण, कशाचीही किळस त्या तरुणाला नव्हती. इनॅमलचे पसरट भांडे, कोमट पाणी, साबण आणि त्याचे लांब गोरे हात, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. ही सेवा खोटी होती असे मी म्हणणार नाही. म्हणण्याचा मला अधिकारही नाही. मी त्या वेळी बाजूला माझ्या चुलीपाशी बसलेला असे.

मुलांत एक लहान मुलगी होती. तिचा बाप रोज तिला आणून सोडी आणि धडा संपेपर्यंत दूर उकिडवा बसून राही. त्याच्या अंगाला राख होती, तीवर तांदळाच्या पिठाचे पांढरे ठिपके. कमरेला सुके भोपळे आणि घुंगरू. काठीच्या होळीचा नवस ज्याने केला आहे, तो असा होतो. त्याने खाटेवर बसू नये, बाईचा स्पर्श होऊ देऊ नये, आपले अन्न आपण शिजवावे, आणि एकदा राख चढली की होळी पेटेपर्यंत अंगाला पाणी लागू देऊ नये. या मुलीच्या आधीची त्याची मुले राहिली नव्हती. हिला मागून घेताना त्याने पाच होळ्या नाचण्याचे कबूल केले होते. हे पाचवे वर्ष. आमच्याकडे सोळा सोमवारांचे उद्यापन जवळ आले की घरातली बाई जशी जपून पावले टाकते, तसा तो माणूस वावरत होता. मला त्याचे काहीच परके वाटले नाही.

परंतु त्याचा डावा पाय सुजला होता. काटा आत मोडून राहिला होता आणि घोट्यापर्यंत लाली चढली होती. साहेब भांडे घेऊन उठले, तसा तो मागे सरकला.

"होळी व्हऊ दे, साहेब," तो हात जोडून म्हणाला. "मंग पाय तुन्हाच शे."

मी साहेबांना नवसाची सर्व हकीकत नीट सांगितली. ते म्हणाले, "पंडितजी, विष वर चढले तर पाय जाईल. मळ म्हणजे भक्ती नव्हे."

"तो मळ नाही. ती राख त्याच्या लेकीसाठी आहे," मी म्हणालो. "कोरडा उपाय करावा. सुईने काटा काढावा, लेप लावावा. पाण्याशिवाय जमतच नसेल, तर संध्याकाळी इथल्या कारभाऱ्याला विचारू. त्यांच्यात काही तोड असेल. संध्याकाळपर्यंत थांबा."

"थांबतो," ते म्हणाले.

मी ओढ्यावर स्नानाला गेलो. परत येतो तो काय, तापाच्या ग्लानीत तो माणूस झाडाच्या मुळाशी कलंडला होता, आणि साहेब गुडघे टेकून, त्याचा पाय मांडीवर घेऊन साबणाने धूत होते. भांड्यातले पाणी राखेने काळे झाले होते. काटा निघाला होता. पोटरीपर्यंतचे ठिपके गेले होते. मुलगी शेजारी उभी राहून आधी भांड्याकडे, मग बापाच्या तोंडाकडे पाहत होती. ती रडत नव्हती. तिला सारे कळले होते.

"आपण थांबतो म्हणाला होतात," मी म्हणालो.

"तो झोपला, पंडितजी. मला वाटले, झोपेत त्याला दुःख होणार नाही." आणि मग जरा उत्साहाने, "आमच्या प्रभूनेही शिष्यांचे पाय धुतले."

ती कथा त्यांनीच मला धड्याच्या वेळी मराठीत सांगितली होती. मी विचारले, "झोपेत धुतले का? आपणच सांगितले होते, एक शिष्य नको म्हणाला. मग प्रभूने काय केले?"

"समजावले."

"आणि तो हो म्हणाल्यावर धुतले."

ते पायाला पट्टी बांधत राहिले. पाटील गाडीला टेकून हे पाहत होता. तो म्हणाला, "जाऊ द्या, महाराज. डोंगरमानला लोकेसनं कसानं व्रत? पाय वाचना ना!" खरे सांगतो, त्या क्षणी मला साहेबांपेक्षा पाटलाचा संताप अधिक आला. वर्षातून चार वेळा देवळात येऊन नारळ वाढवणारा हा गृहस्थ! याच्या घरच्या उपासाला कुणी असे हसले असते, तर याने काठी उचलली असती.

माणूस जागा झाला. त्याने पाय पाहिला, पट्टीच्या वरच्या स्वच्छ कातडीवरून बोट फिरवले. ओरडला नाही, कोणाला शिवी दिली नाही. मुलीला जवळ बोलावून तिच्या डोक्यावर हात ठेवून बसला. तो हात त्याने बराच वेळ काढला नाही.

संध्याकाळी कारभारी आला. वृद्ध, सडपातळ, बोलताना जमिनीकडे पाहणारा माणूस. मी त्याला म्हणालो, जे आपल्या इच्छेने घडले नाही त्याचा दोष व्रत करणाऱ्याला लागत नाही, असे आमचे शास्त्र सांगते. संकल्प अजून शाबूत आहे.

"तुन्हा पोथीमा व्हई, महाराज," तो शांतपणे म्हणाला. "हाऊ देव आमना शे."

त्याचे म्हणणे रास्त होते. मग त्यानेच तोड सांगितली. त्या माणसाच्या चुलीतली राख आणावी; ज्याने पाय धुतला, त्याने आपल्या हाताने ती पुन्हा लावावी; म्हणजे व्रत जिथे तुटले तिथेच सांधले जाईल. "ज्यानी धोयं, त्यानीच लावाले जोयजे." दंड नाही, कोंबडा नाही, माफी मागणेसुद्धा नाही. चिमूटभर राख. मुलगी धावत जाऊन पळसाच्या पानावर ती घेऊनही आली.

मी ते साहेबांना समजावून सांगितले. ते म्हणाले, "दुसऱ्या देवासाठी मी राख लावू शकत नाही, पंडितजी. हा माझ्या श्रद्धेचा प्रश्न आहे."

माझा आवाज आयुष्यात क्वचित चढला असेल, तेव्हा चढला. "आपण झोपलेले असताना कोणी आपल्या तोंडात कॉफी ओतली, तर आपला नेम मोडेल?"

"नाही. माझी इच्छा नव्हती."

"पण ज्याने ओतली, त्याने पाप केले की नाही?"

"केले."

"मग?"

"ते वेगळे आहे," ते म्हणाले.

"वेगळे काय आहे, साहेब? माझ्या घागरीवरचे फडकेसुद्धा आपण उचलत नाही. ते का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. उत्तर त्यांना ठाऊक होते आणि मलाही. मी ब्राह्मण होतो, शिकवणारा होतो, माझा नियम हा त्यांच्या लेखी नियम होता. त्या माणसाचा नियम हा त्यांच्या लेखी मळ होता. आणि हे मी त्यांच्या एकट्याच्या माथी मारत नाही. गाडीला टेकून उभा असलेला आमचा पाटील तरी वेगळे काय समजत होता?

मुलगी पान पुढे धरून उभी होती. साहेब तंबूत गेले. आत ते प्रार्थना करीत होते, हे मला ऐकू येत होते. मला आशा होती की ते बाहेर येतील. ते आले नाहीत. पानावरची राख वाऱ्याने थोडी थोडी उडत राहिली, तेव्हा कारभाऱ्याने पोरीच्या हातातून पान घेतले आणि सगळे घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून झाडाखाली एकही मूल आले नाही. आठवडा पुरा करून आम्ही गाडी जुंपली. मी मात्र परतलो नाही. पाटलाजवळ घरी निरोप दिला आणि होळीसाठी काठीला चालत गेलो. तो माणूस तिथे होता. राख नाही, भोपळे नाहीत, घुंगरू नाहीत. धुतलेले धोतर नेसून, मुलीला खांद्यावर घेऊन तो बघ्यांत उभा होता. पहाटे होळी पेटली, ढोल घुमले, नवस फेडणारे नाचू लागले. त्याचा पाय चालण्याजोगा झाला होता. म्हणूनच त्याला इतक्या लांब येऊन बाहेर उभे राहता आले. मला पाहून तो म्हणाला, "पुढला साल पहिलेपासून, महाराज." चार होळ्या त्याने नाचून काढल्या होत्या. त्या गेल्या. पोर राहील ना, एवढेच त्याने मला विचारले. मी तिच्या मस्तकावर हात ठेवला आणि मला येत होते ते सर्व म्हटले. माझ्या देवाचा त्याला आधार वाटला की नाही, मला माहीत नाही.

बंगल्यावर मी शिकवणी चालू ठेवली, कारण विद्या अर्धी सोडणे मला मान्य नव्हते. त्यांच्या सणाच्या सकाळी गेलो, तेव्हा ओसरीभर कॉफीचा वास होता. साहेब पेला हातात घेऊन आनंदाने पुढे आले.

"पंडितजी, माझा नेम पूर्ण झाला!"

"आपला झाला," मी म्हणालो.

त्यांनी पेला खाली ठेवला. मग विचारले, "त्याचा पाय कसा आहे?"

मी पुस्तक उघडले. "पाय बरा आहे," मी म्हणालो, आणि कालचा धडा जिथे थांबला होता तिथून वाचायला सांगितले.